गुऱ्हाळाचा वास
चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कांदा-लसूण मसाल्याची बरणी उघडताच आजी शेजारी उभी असल्यासारखे वाटले, असे तू फोनवर म्हणालीस आणि हे कशाने होते, असे विचारलेस. पाहिलेल्या, ऐकलेल्या गोष्टींचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाचे मात्र त्याला वळसा घालून, भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे जवळजवळ थेट पोहोचतात. म्हणूनच वास कशाचा हे उमगण्याआधी माणूस आठवतो. मसाला जपून ठेवण्याचा तुझा विचार मला पटत नाही. तो रोजच्या आमटीत पडू दे. आजीचा वास थोडा पुसट होईल, पण तुझ्या लेकीच्या, ईराच्या मनात तोच वास तुझा म्हणून राहील.

माझे बालपण गुऱ्हाळाच्या वासात आहे. दिवाळीनंतर पंचगंगेकाठच्या आमच्या शिवारात चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची मोठी चूल, पेटले, की आधी जळत्या चिपाडांचा धूर येई. मग काहिलीतील, म्हणजे मोठ्या पसरट कढईतील, उसाचा रस तापून मळी वर येऊ लागली, की ती धरण्यासाठी घातलेल्या भेंडीच्या पाण्याचा हिरवट, बुळबुळीत वास पसरे. आणि रस आटत काकवीच्या, म्हणजे दाट पातळ पाकाच्या, पुढे गेला, की तो जड, गोड, किंचित करपट दरवळ सुटे, जो सदऱ्याला दुसऱ्या दिवशीही सोडत नसे. गूळ करणारा गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का, हे पाही. आम्हा पोरांना मात्र काहील उतरवण्याची वेळ नुसत्या वासावरून कळते, अशी आमची पक्की समजूत होती. तुझे पणजोबा त्यावर हसत. आजही कोल्हापूरच्या गूळबाजारातून जाताना मला प्रथम तेच आठवतात, गुळाचा भाव नंतर. (तालमीतील ताक, हळद आणि तेल मुरलेल्या तांबड्या मातीने तुझ्या काकाचे असेच होते.)

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बराच ऊस थेट साखर कारखान्यांकडे जातो आणि गुऱ्हाळे कमी होत चालली आहेत. डबाबंद गूळ तुमच्याकडे मिळेल. उकळत्या काहिलीचा वास मिळणार नाही. तेव्हा या हंगामात रजा काढून ईराला घेऊन ये. ओळखीच्या एका गुऱ्हाळावर मी सांगून ठेवतो. तिला जुने कपडे घाल आणि काकवीसाठी घट्ट झाकणाचा डबा आण.

तुझे,
बाबा