साखळीला परत येण्याबद्दल

साखळी, गोवा
12 जून

प्रिय मीना,

ठाणं सोडून मनूला घेऊन साखळीला येऊ का, सरळ सांग, असं विचारलंस. सरळच लिहिते. ये, पण शांतता मिळेल म्हणून येणार असशील, तर येऊ नकोस.

आवाज इथे कमी आहे, माणसं मात्र पाठ सोडत नाहीत. सोमवारच्या बाजारात भाजी घेताना पहिला प्रश्न येईल, "कधी आलीस?" दुसरा, "घोव नाही आला?" तुम्ही वेगळे राहता ही बातमी त्या एका बाजारात विठ्ठलापुरापासून हरवळ्यापर्यंत पोचेल. ठाण्यात शेजाऱ्याला तुझं नावही माहीत नाही, याचं तुला वाईट वाटतं. पण या वाईट दिवसांत तुला कोणी छेडलं नाही ते त्यामुळेच ना? मी बिनलग्नाची चाळिशी ओलांडली ती इथेच. लोकांनी आधी विचारलं, मग स्थळं सुचवली, मग कीव केली आणि शेवटी कंटाळून सोडून दिलं. त्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि मला मूल नाही. मनूला शाळेत कोण काय विचारेल, याचा विचार आधी कर.

हीच माणसं कामालाही येतात, हेही खरं. आईला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखल केलं, तेव्हा सकाळी पाववाल्या पोदेराने आमचे पाव दाराला न अडकवता शेजारणीकडे दिले. त्याला कोणी सांगितलं, मला अजून ठाऊक नाही. ज्या कानांचा एरवी वैताग येतो, त्यांनीच त्या आठवड्यात आमचं घर चालवलं. एक हवं आणि दुसरं नको, असं इथे चालत नाही.

आता पैशांचं. तुझं काम लॅपटॉपवर चालतं, म्हणून तुझं निभेल. इथे नोकरी शोधायची झाली तर सरकारी, नाहीतर दुकान. खाणीच्या दिवसांत घरोघरी ट्रक होते, आठवतं ना? लाल धुळीने वाळत घातलेले कपडे भरायचे, तरी कोणी तक्रार करत नसे, कारण हप्ते त्याच धुळीतून फिटत. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. आता काही ठिकाणी काम सुरू झालंय, पण त्या भरवशावर कर्ज काढायची हिंमत आमच्या आळीत तरी कोणाला नाही. आपल्या वर्गातली निम्मी मुलं पणजी, पुणे किंवा परदेशात आहेत. गावाला जीव लावणारे बरेचसे तेच, गणेश चवथीला येऊन आरतीत घुमट वाजवतात आणि परत जातात. (राग नको मानूस, तूही त्यातलीच.)

पणजी तासाभरावर आहे, पण इथल्या रवींद्र भवनात रात्री नाटक संपलं की वाळपईकडे जाणाऱ्यांना बस मिळत नाही. स्कूटर शीक, त्याशिवाय इथे बाईमाणसाचं पान हलत नाही. मनूच्या शाळेची फार चिंता करू नकोस. प्राथमिक मराठीत झालं तरी पाचवीपासून इंग्रजीच आहे.

खरी गाठ घराची. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्यामुळे बापाच्या घरात तुझा वाटा भावाइतकाच आहे, हे वहिनीने कितीही तोंड वाकडं केलं तरी बदलत नाही. पण वाटा असणं वेगळं आणि खोली मिळणं वेगळं. तुमच्या घरावर काकांची नावंही आहेत. इथली कितीतरी चिरेबंदी घरं अशीच कुलपात पडली आहेत. दहा वारस, त्यातले दोन मुंबईत, एक पोर्तुगालात, आणि सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत छप्पर खाली येतं. आधी जमिनीच्या नोंदीचा फॉर्म एक-चौदा काढून कोणाकोणाची नावं आहेत ते बघ, कोर्टातली वारसांच्या वाटणीची इन्व्हेंटरी झाली नसेल तर वकील गाठ. तोवर भाड्याने राहा. भावाच्या स्वयंपाकघरात पाहुणी होऊन राहू नकोस, ते मला बघवणार नाही.

आणि निर्णय चवथीत घेऊ नकोस. त्या दिवसांत गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळापानांच्या बाजारात फिरून, पाच घरच्या आरत्या करून कोणालाही वाटतं की इथेच राहावं. जुलैत ये. वाळवंटी नदी फुगते, बाजारात पाणी शिरू नये म्हणून पंप सुरू होतात, कपड्यांना बुरशी येते आणि वीज गेली की तुझी मीटिंग अर्ध्यात तुटते. तशा दिवसांत दोन आठवडे माझ्याकडे राहून काम करून बघ. ठाण्याचा फ्लॅट आत्ताच विकू नकोस, भाड्याने दे.

वरची खोली रिकामी आहे, पंखा तेवढा बदलून घेते. मनूला तांदळाची भाकरी चालते की चपातीच लागते, ते कळव. आणि तारीख ठरली की आधी मला सांग, तुझ्या वहिनीला नंतर.

तुझी,
शैला