टेस्टिंगच्या काकांना, रिटायर झाल्यावर

ती. काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आयटीआय करून भोसरीला कामाला लागले, तेव्हा ड्राइव्हचं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पॅनेलचं, टेस्टिंग म्हणजे बटण दाबून रीडिंग लिहायचं, एवढीच माझी समजूत. तुम्ही सुरुवातीला मला सप्लायला हातच लावू दिला नाहीत. आधी बसबारचे (करंट वाहणाऱ्या जाड पट्ट्यांचे) बोल्ट टॉर्क रेंचने तपासायचे, मेगर घ्यायचा, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं, मग सिरीज बल्ब लावून डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवायचं. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, तर कपॅसिटर चार्ज झाले. पेटलेलाच राहिला, तर आत शॉर्ट. महागडी उपकरणं शेजारी असताना निदान एका बल्बवर!

सप्लाय काढला म्हणजे पॅनेल मेलं असं नाही, हे तुमचं पालुपद. ४१५ व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन डीसी झाले की आतल्या डीसी बसवर साधारण ५८० व्होल्ट येतात आणि कपॅसिटरमध्ये मुक्काम ठोकतात. दुरुस्तीला आलेल्या एका ड्राइव्हचा ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे हा चार्ज उतरवणारा रेझिस्टर, ओपन (आतून तुटलेला) होता. चार्ज उतरायला लेबलवर लिहिलेली वेळ उलटून गेली होती, डिस्प्लेही विझलेला. तुमच्या शिस्तीप्रमाणे मीटर ठीक चालतोय का ते आधी चालू सप्लायवर पाहिलं, मग तो बसवर धरला, तर दोनशेच्या वर! कंट्रोल सप्लाय त्याच बसवर चालतो. व्होल्टेज घसरलं की तो बंद पडतो, डिस्प्ले विझतो आणि उरलेला चार्ज गुपचूप बसून राहतो. हात घालण्याआधी ते कळलं, ते तुमच्यामुळे.

पण त्याहून मोठं म्हणजे तो मार्चएंड. गाडी गेटवर उभी, स्कोप (वेव्हफॉर्म दाखवणारं उपकरण) लाइव्ह भागाला सुरक्षित जोडणारा डिफरन्शियल प्रोब कॅलिब्रेशनला गेलेला. स्कोपची अर्थ काढून वेव्हफॉर्म घे, असा वरून आग्रह. अर्थ काढली की स्कोपची बॉडीच लाइव्ह होऊ शकते, म्हणून मी नाही म्हटलं. नवी पोर, माझं कोण ऐकणार? तुम्ही स्टूल ओढून पॅनेलसमोर बसलात आणि म्हणालात, "टेस्टिंग तिचं आहे. ती म्हणेल तेव्हाच सप्लाय चालू होईल." गाडी दुसऱ्या दिवशी गेली. बोलणी तुम्ही खाल्लीत. त्यानंतर माझं "नाही" कुणी हसण्यावारी नेलं नाही.

मनापासून आभार, काका.

आता आमच्याकडे १५०० व्होल्ट डीसीचे सोलर इन्व्हर्टर आलेत. तुमचा लाडका हजार व्होल्टचा मीटर त्यांना चालत नाही. एकदा येऊन सेटअप बघून जा. गेटपास मी काढून ठेवते.

तुमची,
टेस्ट बेवरची पोर