तोंडओळखीच्या माणसांविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. नव्या गावी घर लागले, कामही मनाजोगे मिळाले, तरी ‘येथे मी कोणाचाच नाही’ असे तू लिहिले आहेस, ते वाचून मन अस्वस्थ झाले. या वयात नवे जिवलग कोठून आणायचे, असा तुझा प्रश्न आहे. मला मात्र वाटते की जिवलग तुला आजही आहेत, फक्त ते दूर आहेत. तुझ्याजवळून खरोखर हरवली आहे ती तोंडओळखीची माणसे. ज्यांचे आडनावही आपल्याला ठाऊक नसते, पण चार दिवस आपण दिसलो नाही तर जी ‘बरे आहात ना?’ असे आपणहून विचारतात, ती माणसे. ती घरी भेटत नाहीत आणि कचेरीतही क्वचितच भेटतात. त्यांच्यासाठी तिसरी जागा लागते.

रे ओल्डनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली नेमक्या याच जागांविषयी विस्ताराने लिहिले. घर ही पहिली जागा, काम ही दुसरी, आणि जेथे माणसे आपखुशीने येतात, गप्पा मारतात व मनात येईल तेव्हा उठून जातात ती तिसरी. अशा ठिकाणी कोणी यजमान नसतो आणि कोणी पाहुणा नसतो. बाहेरचा हुद्दा तेथे उपयोगी पडत नाही, आणि नेहमीच्या मंडळींमुळे त्या जागेला तिचा स्वभाव येतो, हे त्याचे निरीक्षण मला फार पटते. घरी आपण कोणाचे तरी वडील किंवा मुलगा असतो, कामावर कोणाचे तरी वरिष्ठ किंवा हाताखालचे. दिवसातला थोडा वेळ तरी यांपैकी काहीही न होता माणसांत बसता यावे, यात केवढा विसावा आहे!

तोंडओळखीला आपण उगाच कमी लेखतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले की नव्या नोकरीची वार्ता पुष्कळदा जवळच्या मित्रांपेक्षा अशा सैल ओळखींतून येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. प्रश्न केवळ सोयीचा नाही, कधी जिवाचाही असतो. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे दगावली; त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसे पुष्कळ होती. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे तेथील वस्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांतही मृत्यूंच्या प्रमाणात मोठी तफावत आढळली. जेथे पदपथ गजबजलेले होते, दुकाने चालू होती आणि म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडावेसे वाटत होते, तेथे माणसे अधिक वाचली. हे वाचल्यापासून बागेतल्या बाकाकडे मी निव्वळ शोभेची वस्तू म्हणून पाहू शकत नाही.

बाकावरून आठवले. विल्यम व्हाइट या शहरांच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील चौकांवर कॅमेरे लावून लोक कोठे रमतात हे बारकाईने पाहिले. त्याचा निष्कर्ष लहान मुलालाही सुचेल इतका सरळ होता: जेथे बसायला जागा असते तेथे लोक बसतात. शिवाय खुर्ची हलवता येण्यासारखी असेल तर बसण्यापूर्वी माणूस ती थोडीशी सरकवतो, पुष्कळदा काही कारण नसताना. मला वाटते, ती जागा आपली म्हणण्याची ती पहिली कृती असते. आणि माणसांना सर्वांत जास्त कशाचे आकर्षण असते, तर इतर माणसांचेच.

म्हणून तुझ्यासाठी जागा निवडताना थाटमाट पाहू नकोस. सार्वजनिक वाचनालय, बाग, व्यायामशाळा, गाण्याचा वर्ग, काहीही चालेल. मात्र ती घरापासून पायी जाण्याइतकी जवळ असावी, कारण जेथे जाण्यासाठी बेत आखावा लागतो तेथे आपण रोज जात नाही. तेथे काही विकत न घेताही बसू देत असतील तर फारच उत्तम. आणि वेळ ठरलेली ठेव. नेहमीची मंडळी एकमेकांना भेटतात ती ठरवून नव्हे, तर ज्याची त्याची वेळ पक्की असते म्हणून. सुरुवातीला कोणी बोलणार नाही. त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांनाही तुझा चेहरा ओळखीचा व्हायला अवधी हवा. पुढे कोणी मान हलवील, मग कोणी हवेविषयी बोलेल, आणि तू बसतोस ती जागा एखादे दिवशी कोणीतरी तुझ्यासाठी राखून ठेवील. त्यानंतर कोणी नवखा दाराशी घुटमळताना दिसला तर पहिला शब्द तू बोल; ते काम नेहमीच्यांपैकीच कोणीतरी करावे लागते.

कोणती जागा निवडलीस आणि तुझी वेळ कोणती, ते पुढच्या पत्रात अवश्य कळव. मी तुझ्याकडे येईन तेव्हा घरी न जाता थेट तेथेच येईन, आणि तुझ्या मंडळींशी माझी ओळख तू करून द्यायची आहेस.

घरातील सर्वांस यथायोग्य.

तुझा,
जुना सोबती