दंड पिणाऱ्याला, आणि बाटली विकणाऱ्याला काहीच नाही?

मा. संपादक,

उघड्यावर दारू पिणाऱ्या पर्यटकांवर कारवाई म्हणून पेपरात अधूनमधून फोटो येतात, बरं वाटतं, पण दोन दिवसांनी पणजीत किनाऱ्याने कांपाल ते मिरामार चालत जा, परत तेच. गाडीच्या बॉनेटवर चखणा, हातात थंड बिअर, आणि कॅसिनोच्या फीडर बोटीत (धक्क्यावरून नदीतल्या कॅसिनो जहाजावर नेणारी छोटी बोट) चढायच्या आधी बाटली तिथेच कठड्यावर ठेवून मंडळी पुढे. खरं म्हणजे कॅसिनोत पॅकेजमध्ये खाणंपिणं आलेलंच असतं, तरी धक्क्यावर ‘वॉर्मअप’ लागतोच यांना!

कायदा नाही असं नाही. 2019 साली गोव्याच्या पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, एकट्याला 2,000 आणि ग्रुपला 10,000 रुपये दंड, आणि आता तर तो आकडा 1 लाखापर्यंत नेलाय. पण दंड कितीही वाढवा, रात्री अकराला किनाऱ्यावर पावती फाडायला माणूस कुठे आहे? आणि समजा पकडलंच, तर पिणारा पकडला जातो. ज्या दुकानाने किनाऱ्यापासून दोन मिनिटांवर फ्रीजमधली बाटली काढली, काउंटरवर ओपनरने झाकण उडवून हातात दिली, त्याला कोण विचारतो? झाकण काढून दिलेली बाटली माणूस घरी नेणार आहे का?

मला पिण्याचं वावडं नाही, गोव्यात राहून असं म्हणणं शोभणारही नाही. माझा राग काचेवर आहे. करंझाळ्याच्या किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणारे अनवाणी असतात, आणि बिअरच्या बाटलीचा तपकिरी तुकडा ओल्या वाळूत अजिबात दिसत नाही, पाय पडला की मगच कळतं. पर्यटक तोवर विमानात.

लास वेगास म्हणजे जुगार-दारूची राजधानीच म्हणा ना, तिथे स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, ग्लास हातात घेऊन खुशाल फिरता येतं, पण प्लास्टिकचा, काचेची बाटली चालत नाही. दुकानातून घेतलेली सीलबंद बाटली त्याच दुकानाच्या दारात उघडून प्यायची नाही, आणि चालत्या गाडीत तर मागे बसलेल्याच्या हातातही उघडी बाटली नको. म्हणजे त्यांनी पिणं बंद केलं नाही, काय कुठे न्यायचं ते ठरवलं. आपण उलटं केलं, पिणं बंद म्हणून बोर्ड लावले आणि बाटली मोकाट सोडली. (त्या बोर्डांखालीच रिकाम्या बाटल्यांची रांग असते, फोटो काढण्यासारखी.)

तेव्हा अबकारी खात्याला एकच सांगणं आहे, किनाऱ्यालगतच्या आणि कॅसिनो धक्क्याजवळच्या दुकानांच्या लायसन्समध्येच अट घाला की झाकण उघडून द्यायचं नाही आणि बिअर विकायची तर कॅनमध्ये, काचेत नाही. कॅनचा पण कचरा होतो, माहीत आहे, पण तो काचेसारखा फुटून वाळूत विखुरत नाही आणि भंगारवाला तो आनंदाने उचलतो. दुकानदार ओरडतील, धंदा बसेल म्हणतील. बसत नाही, बिअर पिणारा बाटली नाही म्हणून उपाशी परत जात नाही. आणि अट मोडली तर दंड नको, चार दिवस शटर खाली, तेही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

– एक वाचक, पणजी