बुटांची परीक्षा

पुणे,
२० ऑक्टोबर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

सईने स्केटबोर्ड शिकायला घेतला आणि पंधरा दिवसांत कॅनव्हासचे बूट फाडून ठेवले, हे वाचून हसू आले. तिला कोणते बूट घ्यावेत, असे तू विचारलेस, तेव्हा मी नेमका त्याच उद्योगात होतो. दोन जोड आणले होते, एकाच मापाचे, दोन्ही स्वेडचे, म्हणजे लवदार कातड्याचे. फरक होता तो तळाचा. एकाचा तळ व्हल्कनाइझ्ड, म्हणजे रबराची पट्टी बुटाभोवती चिकटवून सगळा बूट भट्टीत तापवून काढलेला, तर दुसऱ्याचा कपसोल, म्हणजे साच्यातून काढलेल्या रबरी वाटीत वरचा भाग बसवून कडेने शिवलेला. सहा आठवडे ते आलटून पालटून घातले आणि दररोज पन्नास ऑली (बोर्डासकट हवेत उडी) व तीस किकफ्लिप (त्याच उडीत बोर्ड पायाखाली गरकन उलटवून घेणे), जमोत वा न जमोत, पार्किंगच्या खांबावर खडूने रेघा मारून मोजले. वॉचमनला मी अजून कसला हिशेब ठेवतो ते कळलेले नाही.

बूट फाटतात ते चालण्याने नव्हे. बोर्डावरची ग्रिपटेप म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेला पॉलिश पेपरच असतो. ऑली करताना मागच्या पायाने बोर्डाचे शेपूट जमिनीवर आपटायचे आणि त्याच क्षणी पुढचा पाय कलता करून करंगळीच्या बाजूने बोर्डावरून पुढे घासत न्यायचा. त्या घासण्यानेच बोर्ड पायाबरोबर वर येऊन हवेत सपाट होतो. त्यामुळे पुढचा बूट झिजणारच आणि मागचा जवळजवळ नवा राहणार. माझा डावा बूट शिवायला नेला, तेव्हा कोपऱ्यावरच्या काकांनी तो उलटासुलटा करून विचारले, "साहेब, एकच पाय फरफटत चालता का?" कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये १९६६ साली सुरू झालेल्या व्हॅन्सच्या दुकानात स्केटर पोरांना एकेकटा बूटही विकत मिळे, ही गोष्ट मला तेव्हा आठवली. आपल्याकडे अशी सोय नाही, त्यामुळे घरी चार धडधाकट उजवे बूट पडून आहेत.

आधी तुटली ती लेस, पाचव्याच दिवशी, कारण करंगळीकडची खालची दोन भोके नेमकी घासण्याच्या वाटेवर येतात. त्यानंतर शिवण गेली. स्वेड दमदार असते, पण तिच्यावर उठून दिसणारा दोरा ग्रिपटेपला आधी लागतो. एक टाका तुटला की पुढचे आपोआप उसवतात आणि वरचा तुकडा जिभेसारखा लोंबू लागतो. व्हल्कनाइझ्ड बुटाला चौदाव्या दिवशी भोक पडले आणि त्यातून मोजा दिसू लागला, तर कपसोलने एकोणिसावा दिवस गाठला. दुसऱ्या एका जोडावर पहिल्याच दिवशी शिवणीवर रबरी डिंकाचा पातळ थर दिला होता. तो अजून शाबूत आहे.

पायाला काय जाणवते, हा मात्र वेगळाच हिशेब निघाला. व्हल्कनाइझ्ड बुटातून बोर्डाच्या बोल्टची डोकीसुद्धा तळव्याला कळतात आणि पाय कुठे आहे हे खाली न बघता समजते. पण चार पायऱ्यांवरून उडी मारली आणि टाच आठवडाभर ठणकत राहिली. कपसोलने टाच सांभाळली, पण पहिले आठ दिवस सतरंजीखाली गादी घालून उभे राहिल्यासारखे वाटले आणि किकफ्लिप एकामागून एक फसत गेले. दहाव्या दिवशी तो तळ मऊ झाला आणि मजा येऊ लागली, तोवर करंगळीकडची कातडी निम्मी उडाली होती! हे दुखणे मला तरी टाळता आलेले नाही.

सई अजून पायऱ्यांवरून उडी मारत नाही, तेव्हा तिला व्हल्कनाइझ्डच घे, पाच दिवस कमी टिकले तरी चालेल. बोर्ड पायाला कळला नाही, तर ती कंटाळेल. कॅनव्हास नको. पुढचा भाग अखंड स्वेडचा आणि करंगळीपाशी शिवण नसलेला बघ. पावसात तिला घराबाहेर सोडू नकोस, कारण भिजलेली स्वेड कडक होते आणि बोर्डही फुगतो. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो, तेव्हा कागदावर तिच्या दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवून ती रेघ मला पाठव आणि तिचा पुढचा पाय कोणता तेही लिही. बूट मी इथून बघून धाडतो.

तुझा,
अनिल