‘कटु’ म्हणजे कडू नव्हे

आपल्या आरोग्य पुरवणीतील षड्रसांवरील (म्हणजे सहा चवींवरील) लेखात ‘कटु’ रसाचा अर्थ ‘कडू’ असा दिला आहे, तो दुरुस्त व्हावा. आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. म्हणूनच सुंठ, मिरी व पिंपळी यांच्या मिश्रणाला ‘त्रिकटु’ म्हणतात, तर कडुनिंब तिक्त रसात मोडतो. संस्कृतात झणझणीत चवीबरोबरच उग्र वासालाही लागू होणारा ‘कटु’ हा शब्द प्राकृतातून मराठीत ‘कडू’ होऊन आला, तेव्हा रूपाबरोबर त्याचा अर्थही पालटला. पथ्यापथ्य सांगणाऱ्या मजकुरात ही गल्लत राहिली, तर कटु रस वर्ज्य असलेला वाचक कारले सोडेल आणि मिरी खात राहील, ही मला गंभीर बाब वाटते.

– एक वाचक, सातारा