मेलबर्नहून पत्र : काकांच्या प्रश्नाला उत्तर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

आईच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी. खोकला गेला. डबा घरूनच नेते. रात्री ट्रॅमने एकटी येते, पण स्टॉप घरासमोर आहे. बाकी दिनक्रम तुम्हाला पाठच आहे.

आता काकांचं, माझ्या जुन्या फिल्म जपण्याच्या नोकरीबद्दलचं. "ऑस्ट्रेलियात सिनेमा असतो का? जुनी रिळं पुसायला तुला कोण किती दिवस पगार देणार?" फोनवर उत्तर देताना नेमके शब्द सुचले नाहीत, म्हणून लिहिते. बाबा, त्यांना वाचून दाखवा.

मुंबईत सिनेमा पहिल्यांदा दिसला तो ७ जुलै १८९६ ला, काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात. खेळ घेऊन आला होता लुमिएर बंधूंचा माणूस, मारियस सेस्तिए. तोच पुढे बोटीने सिडनीला गेला आणि २८ सप्टेंबरला पिट स्ट्रीटवर त्याने खेळ सुरू केले. नोव्हेंबरात त्याने मेलबर्न कपच्या घोड्यांची शर्यतही टिपली. म्हणजे दोन्हीकडचा पाळणा एकाच माणसाने हलवला.

कथाचित्रात तर हे लोक आपल्या पुढे होते. 'द स्टोरी ऑफ द केली गँग' २६ डिसेंबर १९०६ ला मेलबर्नच्या अथेनियम हॉलमध्ये लागला. सुमारे ४,००० फूट लांब, तासाभराहून जास्त. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून २००७ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांचा 'हरिश्चंद्र' १९१३ चा. (बाबा, रागावू नका. फाळक्यांच्या घरी फिल्मला हाताने भोकं पाडली, त्याला तोड नाहीच.)

मग पुढे काय झालं? केली होता दरोडेखोर. त्याच्यासारख्यांवरचे चित्रपट तुफान चालत आणि त्यात पोलिसांची फजिती असे. १९११-१२ मध्ये तीन राज्यांनी असल्या चित्रपटांवर बंदी घातली. जे हमखास विकलं जायचं तेच बंद. थिएटरं आणि वितरण मोजक्या कंपन्यांच्या हातात गेलं, त्यांना परदेशी माल स्वस्त पडे. 'केली गँग'मधलं आज सुमारे १७ मिनिटांचं उरलंय. त्यातला एक तुकडा कचऱ्याच्या ढिगात मिळाला, एक ब्रिटनमध्ये. १९१९ चा 'द सेंटिमेंटल ब्लोक' हा इथला लाडका मूकपट. त्याची चांगली निगेटिव्ह अमेरिकेत 'सेंटिमेंटल ब्लाँड' अशा चुकीच्या लेबलखाली पडून होती. १९५५ चा 'जेड्डा' हा इथला पहिला रंगीत कथाचित्रपट. रंगीत फिल्म धुण्याची सोय इथे नव्हती, निगेटिव्ह इंग्लंडला जायची. शेवटच्या भागाची निगेटिव्ह विमान अपघातात गेली आणि शेवट सिडनीजवळच्या डोंगरांत पुन्हा काढावा लागला. १९७१ च्या 'वेक इन फ्राइट'ची निगेटिव्ह अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये सापडली तेव्हा खोक्यावर 'नष्ट करण्यासाठी' लिहिलेलं होतं. काका, पगार का मिळतो ते इथे आहे. चित्रपट चालो न चालो, तो हरवायचा राहत नाही, म्हणून तो शोधून जपणारं माणूस लागतंच.

आमच्या टेबलावर काय होतं तेही सांगते, म्हणजे "पुसते" हा शब्द बंद होईल. १९५० च्या सुमारापर्यंत थिएटरची फिल्म नायट्रेटची असे. ती पेटली की स्वतःच ऑक्सिजन सोडते, पाण्यातही विझत नाही. पुण्यात २००३ साली नायट्रेटच्या साठ्याला आग लागली ती बाबांना आठवत असेल. (आई, घाबरू नकोस, माझ्या टेबलावर नायट्रेट येत नाही.) नंतरची ॲसिटेटची फिल्म पेटत नाही, पण आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. वास लागला म्हणजे उशीर झालेला असतो, म्हणून निळ्या कागदाची एक पट्टी डब्यात घालून झाकण लावायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायची. निळी राहिली तर ठीक. हिरवट झाली तर आम्ल सुटलंय. पिवळी झाली तर ते रीळ रांगेत सगळ्यात पुढे घ्यायचं आणि बाकीच्या डब्यांपासून लांब ठेवायचं, कारण ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. सुटलेलं आम्ल पुढचं सडणं आणखी वाढवतं, त्यामुळे हे आपोआप थांबत नाही. थंड, कोरड्या खोलीत फक्त मंदावतं.

आंबलेली फिल्म आक्रसते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर दोन भोकांमधलं अंतर साधारण पावणेपाच मिलिमीटर असतं. ते शंभरात एका भागाने जरी घटलं तरी प्रोजेक्टरचे दाते भोकात बसत नाहीत, कडा फाटत जातात. म्हणून आधी गेजवर आक्रसणं मोजायचं, फाटलेली भोकं आणि सुटलेले जोड हाताने दुरुस्त करायचे, आणि मग दात्यांशिवाय, नुसत्या रोलरवर चालणाऱ्या स्कॅनरवर चढवायचं. ओरखडे असतील तर स्कॅन करताना फिल्म एका द्रवातून नेतात. द्रव ओरखड्यात भरतो, प्रकाश वाकत नाही आणि रेघ दिसेनाशी होते. हे मुख्यतः फिल्मच्या पाठीवरच्या ओरखड्यांना लागू. चित्राचा थरच खरवडला गेला असेल तर द्रव काही करू शकत नाही.

आता "पुढे काय?" इथल्या सिनेमाचं भविष्य दिग्दर्शकापेक्षा करकायदा ठरवतो, हे माझं मत. १९७० पासून सरकारने पैसा घालायला सुरुवात केली आणि इथल्या चित्रपटांचा वीस वर्षांचा दुष्काळ संपला. 'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' (१९७५) त्यातलाच, कॅमेऱ्याच्या भिंगावर नवरीची जाळी ताणून काढलेला. १९८१ मध्ये '१० बीए' नावाचं कलम आलं : चित्रपटात १०० डॉलर घाला, उत्पन्नातून १५० वजा करा. वरचा करदर तेव्हा ६० टक्के, म्हणजे ९० डॉलर कर वाचला. जोखीम राहिली दहाची. डॉक्टर, वकील, दातांचे डॉक्टर सगळे निर्माते झाले. पण चित्रपट त्याच आर्थिक वर्षात पुरा व्हायला हवा, आणि इथलं वर्ष ३० जूनला संपतं. मग सगळ्यांचं शूटिंग एकाच वेळी, कॅमेरामन मिळेना, मजुरी चढलेली, पटकथा अर्धीकच्ची. कित्येक चित्रपट थिएटरपर्यंत पोचलेच नाहीत, कारण पैसे घालणाऱ्याचा फायदा आधीच झालेला. सवलत १९८३ पासून टप्प्याटप्प्याने कापली. तेव्हाचे डबेही आमच्याकडे येतात. आतली फिल्म कोणी पाहिलेलीच नसते.

आज थिएटरसाठीच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाला इथे केलेल्या पात्र (म्हणजे नियमात बसणाऱ्या) खर्चाच्या ४० टक्के परत मिळतात. खर्च २० लाख डॉलर असेल तर ८ लाख. पण ते मिळतात चित्रपट पुरा होऊन, हिशेब तपासून, रिटर्न भरल्यावर. तोपर्यंत निर्माता तेच पैसे व्याजाने उचलतो, आणि ते व्याज पात्र खर्चात धरत नाहीत. इथेच छोट्या निर्मात्याचं गणित चुकतं. दुसरीकडे परदेशी मोठ्या चित्रपटांनाही इथे शूटिंग केलं तर ३० टक्के मिळतात. त्यामुळे स्टुडिओ आणि माणसं तिकडे जातात, आणि स्थानिक चित्रपटाला सुतारसुद्धा महाग पडतो. त्यातून इथला डॉलर महागला की पाहुणे दुसऱ्या देशात. चित्र फार गुलाबी नाही, मान्य. पण चित्रपट चालले काय, पडले काय, जपण्याचं काम वाढतंच.

आईला एक गोष्ट विचित्र वाटेल. इथे आदिवासी समाजांवरचा चित्रपट किंवा जुनी फिल्म लावण्याआधी पाटी येते : यात दिवंगत व्यक्तींची चित्रं, नावं, आवाज असू शकतात. सुरुवातीला मला वाटलं, हे कायद्याचं काहीतरी झंझट. तसं नाही. इथल्या कित्येक समाजांत माणूस गेला की काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. दुःखात असलेल्यांना आणि गेलेल्याला त्रास होतो म्हणून. किती काळ, हे समाजागणिक आणि घरागणिक वेगळं. त्याच नावाचा दुसरा कोणी असेल तर त्यालाही दुसऱ्या नावाने हाक मारतात. त्यामुळे फिल्म स्कॅन करणं निम्मंच काम. ती कोणी पाहायची, कधी, हे त्या समाजाला विचारून ठरतं. डेव्हिड गुलपिलिल हा इथला थोर आदिवासी नट २०२१ मध्ये गेला तेव्हा त्याचं नाव आणि चित्रं वापरायला घरच्यांनी परवानगी दिली, म्हणून मी ते लिहिते आहे. आपण आजोबांच्या फोटोला हार घालून समोरच्या भिंतीवर लावतो. इथे त्याच मायेने फोटो झाकतात.

आता घरचं. हॉलच्या ॲडव्हान्सचे दीड लाख सोमवारी पाठवलेत, बुधवारपर्यंत जमा व्हावेत. बँड मात्र दादानेच बघावा. लग्नाला मी येतेच आहे, पण पाच दिवसांसाठी. आई, लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. सगळ्यांना बिलं ३० जूनच्या आत हवी असतात, मे-जूनमध्ये इथे सुट्टी मिळतच नाही. हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. घाणा भरायचा राहील, तो मामीला सांग. आणि नगरच्या स्थळाबद्दल मी 'नाही' म्हटलेलं नाही. 'आत्ता नको' म्हटलंय, दोन्हींत फरक आहे. त्यांना थांबवून ठेवू नका मात्र.

एक काम करा. तुमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट माळ्यावर आहे. पावसाळ्यापूर्वी काढून पुस्तकासारखी उभी ठेवा, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको, टीव्हीवरही नको. काचेतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. शेजाऱ्यांच्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, टेप चिकटून तुटेल. मी आले की घेऊन जाईन आणि इथे तिची डिजिटल प्रत काढेन. आजी त्याच एका कॅसेटमध्ये चालताना दिसते. हे मागच्या दोन्ही खेपांना करायला हवं होतं, राहून गेलं.

तुमची,
चिमी